जुन्या नमुन्याचे पांढरे बूट

पनवेल,
११ ऑगस्ट १९९६

प्रदीप,

गोरखदादाचा आशीर्वाद घे, आणि त्याच हाताने कान पिळलाय असंही समज. तुझं शेवटचं पत्र येऊन दोन दिवाळ्या झाल्या. कांडला बंदरात शाई मिळत नाही, की मावसभाऊ नावाचं नातं गुजरातेत चालत नाही, ते एकदा कळव. मी अजून त्याच भाताच्या गिरणीवर मुकादम आहे. भात उकडतं, वाळतं, भरडलं जातं, त्याचा तांदूळ होतो, आणि मुकादमाच्या डोक्याचा भुसा. तुझी वहिनी दमयंती बरी आहे.

आज लिहितोय ते बुटांसाठी. हसू नकोस. टपाल नाक्याकडे कृष्णकांत शेठचं बुटांचं दुकान आहे. परवा त्याच्या काचेत बघितलं आणि भर रस्त्यात थांबलो. मागचा रिक्षावाला काय बोलला ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. पांढऱ्या कॅनव्हासचे, घोट्याच्या खाली राहणारे, बाजूला दोन निळ्या रेघा, खाली तपकिरी रबर. तुझे होते अगदी तसेच. शेठ म्हणाला, "कंपनीने जुना नमुना परत काढलाय. कॉलेजातली पोरं आता हाच मागतात, ते जाड तळव्याचे नको म्हणतात." सात वर्षं मी ठाणा-दादरपर्यंत फिरून जे मिळालं नाही, ते फॅशनच्या कृपेने दाराशी आलं.

साडेतीनशे रुपये म्हणतो. कापडाच्या बुटाला! आपल्या आख्ख्या गव्हाण गावात असा जोड फक्त तुझ्या पायात होता, म्हणून तुलाच विचारतो. हे बूट घेण्यासारखे असतात का? टिकतात का? की नुसता दिसण्याचा थाट?

कशासाठी हवेत ते तुला ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण जगनच्या दहाव्याला तू उभा होतास खरा, पण तुझं ध्यान कुठे होतं देव जाणे. माझा धाकटा भाऊ कबड्डीचा सामना खेळून एकटाच खाडीतून घरी यायला निघाला आणि तिसऱ्या दिवशी मोरा बंदराच्या होड्यांना सापडला. एकोणीस वर्षांचा. दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. काका म्हणाले, त्याची काय इच्छा राहिली असेल ती बोला. आईला सांभाळतो म्हणालो, बहिणीचं, मनस्वीचं लग्न नीट लावतो म्हणालो. कावळे बांधावर बसून नुसते बघत होते. मग मला आठवलं, पोरगा वर्षभर तुझ्या बुटांकडे बघत होता. मी मोठ्याने बोललो, "जगन, तुला प्रदीपसारखे बूट घेतो." आणि कावळा आला.

तेव्हापासून आई अनवाणी आहे. पोराला बूट मिळेपर्यंत मी पायात काही घालणार नाही, असं ती त्याच दिवशी बोलली. त्या साली माझ्याकडे पैसे नव्हते, आणि झाले तोवर तो नमुनाच बाजारातून गेला. दुसरे कुठलेही नेले की आई हात लावायची नाही. आता तिला साखर निघालीय. उजव्या पायाला अंगठ्याशी जखम झालीय ती तीन महिने भरत नाही. तिला इथे पनवेलला आणून ठेवलंय. डॉक्टर रोज ओरडतात की आधी पायात मऊ काहीतरी घाला. आई म्हणते, "आधी त्याच्या पायात."

सर्वपित्रीला, बारा ऑक्टोबरला, त्याच्या नावाने पान वाढून बूट द्यायचं ठरवलंय. त्याच्याच वयाच्या माणसाला द्यायचे असतात. आईने तुझं नाव घेतलंय. तू यायचंस, जेवायचंस, बूट पायात घालून तिच्यासमोर चार पावलं चालायचं. एवढंच.

आणखी एक. आई म्हणते, तो येतो. भर दुपारी, दमयंती भांडी घासून आडवी झाली की मागच्या पडवीत ओल्या पायांनी चालतो. मी म्हटलं, शेजारचा कुत्रा असेल. त्यावर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. उत्तर लवकर दे.

तुझा गोरखदादा


कांडला,
२३ ऑगस्ट

प्रिय दादा,

नमस्कार. पत्र मिळालं. मावशीच्या पायाचं वाचून वाईट वाटलं.

बुटांचं विचारलंस म्हणून सांगतो. घेऊ नकोस. ते बूट दिसायला चांगले, पण त्यात दम नसतो. करंगळीजवळ कापड फाटतं. पांढरे म्हणून घ्यायचे आणि महिन्यात पिवळे. तळवा पातळ, खडा टोचला तरी कळतो. भिजले की वाळायला तीन दिवस, आणि एकदा खारं पाणी लागलं की डिंक सुटतो. तेव्हाचं कापड तरी जाड होतं, आताचं नुसतं नावाला. नमुना जुना असला म्हणून माल जुना नसतो. साडेतीनशेत उत्तम चामड्याच्या दोन जोडी चपला येतील, त्या कुणाही गरजूला दे. बोललेलं पुरं झालं असं काकाही म्हणतील. मावशीला तू समजाव. तुझं ऐकेल ती.

माझा जोड मी त्या सामन्याच्या आधीच विकला होता, पनवेलच्या बाजारात. त्यामुळे फार दिवस वापरले असं नाही. तेव्हा माझ्या मताला किती किंमत द्यायची ते तूच बघ.

सर्वपित्रीला रजा मिळणं कठीण आहे. बोटी लागायचे दिवस असतात. माझ्यासाठी थांबू नका.

दादा, एक विचारतो, रागावू नकोस. मावशीला जे ऐकू येतं, ते दोन्ही पायांचं असतं की एकाच पायाचं?

दमयंतीवहिनीला नमस्कार. इकडे पाऊस नाहीच. नुसते मिठाचे ढीग आणि चिखल.

प्रदीप


पनवेल,
३ सप्टेंबर

प्रदीप,

तुझं पत्र वाचून वाटलं की तू बंदरात नोकरीला नसून चपलांच्या कारखान्यात आहेस. करंगळी, डिंक, खारं पाणी! फार दिवस वापरले नाहीत म्हणतोस आणि आजार सगळे पाठ आहेत. अरे, आपल्याला ते घालून शर्यत पळायची नाहीये. एकदा कुणाच्या तरी पायात जाऊन आईच्या डोळ्यांना दिसले की झालं. आणि चामड्याच्या चपला देऊन भागवायचं म्हणतोस, ते तूच येऊन आईला सांग. तिच्या तोंडाचा पट्टा अजून शाबूत आहे.

काल दुकानात गेलो होतो. शेठने खोका काढून दिला. माझा पाय नऊचा, पण आठ नंबरचा मागितला, जगनचं आणि तुझं एकच माप म्हणून. डाव्या पायात कसाबसा घालून तीन पावलं चाललो. "रुळतील," शेठ म्हणाला. हलका इतका की पायात आहे की नाही ते कळेना. मग उजवा घातला आणि लगेच काढला. आत ओल होती. नवा बूट, पातळ कागदात गुंडाळलेला, आणि तळव्याला गार ओल. शेठने हात घालून बघितलं, म्हणाला कोरडा तर आहे. पावसाळी हवा, दुसरं काय. पण मी खोका तिथेच ठेवून आलो आणि घरी येऊन पाय धुतले. दमयंतीला सांगितलं नाही, ती पुढचे सहा महिने चिडवेल.

तुझा प्रश्न मी आईला विचारला. सहज म्हणून विचारला. ती कांदा निवडत होती. हातातला कांदा खाली ठेवून म्हणाली, "एक पाय चप करतो, दुसरा करत नाय. तुला कोनी सांगितला?" मी तुझं नाव सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "त्याला लिव, ये बोलून." आता तू मला सांग, तुला हे कसं सुचलं?

बुटांचं मी अजून ठरवलेलं नाही. शेठ म्हणतो, जुन्या जोडाला रेघा दोन होत्या की तीन याची खात्री करा, कारण कंपनीने मधे बदलल्या होत्या. आईला दोनच पटतील की तीन, हे मलाही नक्की आठवेना. मग मला युक्ती सुचली. त्या सामन्याच्या दिवशी पनवेलच्या फोटोवाल्याने आपल्या संघाचा फोटो काढला होता, तो आपण कधी आणलाच नाही. कोण आणणार, जगनच गेला. पण फोटोवाला जुन्या काचा-फिल्मा जपून ठेवतो म्हणे. त्यात कुणाच्या तरी पायात बूट दिसले तर रेघा मोजता येतील. तू तर विकले होतेस म्हणतोस, पण बघतो. गणपतीआधी देतो म्हणालाय.

आईची जखम काळी पडत चाललीय. रजेचं बघ.

गोरखदादा


कांडला,
१२ सप्टेंबर

दादा, कार्ड लिहितोय कारण घाई आहे.

रेघा दोनच होत्या. मला पक्कं आठवतं. फोटो आणायची काही गरज नाही, उगाच मावशीला त्रास होईल. बूट घ्यायचे असतील तर घेऊन टाक, आठ नंबर. मला यायला जमणार नाही. फोटो आणू नकोस.

प्रदीप


पनवेल,
२२ सप्टेंबर

प्रदीप,

तुझं कार्ड यायच्या आधीच फोटो आला होता.

बारा जण आहेत. सगळे अनवाणी, गुडघ्यापर्यंत धुळीचे, जसे सामन्यानंतर असतात तसे. तू मधे उभा आहेस आणि जगनच्या खांद्यावर तुझा हात आहे. तूही अनवाणी. आणि जगनच्या पायात पांढरे बूट आहेत, दोन रेघांचे. नाडी नवीकोरी. छाती इतकी पुढे काढलीय की मला हसू आलं आणि मग पुढचा अर्धा तास मी गिरणीच्या मागे जाऊन बसलो.

तू लिहिलंस की सामन्याच्या आधीच विकले. तेव्हाही सगळ्यांना तेच सांगितलंस. जगन सापडला तेव्हा त्याचे पाय उघडे होते. मी स्वतः धुतलेत ते पाय. मग ते बूट गेले कुठे?

तू सांगितलंस की तो एकटाच खाडीने गेला आणि तू टेम्पोने आलास. संघातली बाकीची पोरं दुसऱ्या गावांची, त्यांना तेव्हा कुणी काही विचारलंच नाही. काल मी टेम्पोवाल्याकडे जाऊन आलो. आता म्हातारा झालाय, पण त्याला तो दिवस आठवतो, सगळ्यांनाच आठवतो. म्हणाला, "दोघं कमी व्हते." मी म्हटलं, एक. तो म्हणाला, "दोघं. मी हाका मारल्या, मग निंगालो."

आणखी एक गोष्ट लिहितो, तू कुणाला सांगणार नाहीस या भरवशावर. गणपती गेल्यावर ऊन पडलं म्हणून गिरणीच्या अंगणात उकडलेलं भात पसरलं होतं. कातकरी बायका ते पायाने फिरवतात, चर पाडत जातात, सगळ्या अनवाणी. दुपारी त्या जेवायला गेल्या. मी फेरी मारली तर भातात नवी पावलं होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. डावं पाऊल बुटाचं, तळव्याला बारीक चौकडी असलेलं. उजवं उघडं, पाच बोटांचं. ज्या बुटाला आत ओल लागली होती, तोच उजवा. मी पायाने सगळं फिरवून टाकलं आणि बायकांना सांगितलं की आज मीच फिरवलं. त्या हसल्या.

मी आईला अजून काही बोललेलो नाही. फोटो माझ्या पेटीत आहे. काय झालं ते लिही. गोड करून लिहू नकोस.

गोरख


कांडला,
१ ऑक्टोबर

दादा,

तीन कागद फाडले. हा चौथा.

फोटोवाला आला तेव्हा जगन म्हणाला, "फोटोपुरते दे." माझ्या पहिल्या पगाराचे बूट होते ते, मी कुणाला हात लावू द्यायचो नाही, तुला माहीत आहे. पण त्याने त्या दिवशी एकट्याने सात गडी मारले होते. म्हणून दिले. फोटो झाला आणि तो काढीचना. टेम्पोवाला हाका मारत होता तेव्हा आम्ही देवळामागे ते बूट काढ-नाही काढत यावरच झटत होतो, हसत होतो. टेम्पो गेला. मग ओहोटी होती म्हणून खाडीतून निघालो.

आपल्याकडे चिखलात पायात काही घालून कोणी उतरत नाही, लहान पोरालाही कळतं. मी म्हटलं, काढून हातात घे. तो म्हणाला, शिंपले लागतात. मुद्दाम मला चिडवायला घालून उतरला. अर्ध्यात त्याचा उजवा पाय रुतला. पाय निघाला, बूट राहिला. तो एका बुटावर लंगडत बांधाशी आला. मी आधीच वर पोचलो होतो. मी विचारलं, माझा बूट कुठाय? तो म्हणाला, "ऱ्हायला. उद्या काढू."

मी म्हटलं, "उद्या भरती घेऊन जाईल. बूट घेऊन ये, नायतर वर चढू नको."

दादा, हे मी बोललो. याच शब्दांत. आणि त्याला बांधावर चढू दिलं नाही. पाय आडवा धरून उभा राहिलो. तोपर्यंत मी खरंच रागावलो होतो. तो मला वाकून मुजरा करून परत गेला.

भरती मागून येते, चरातून, आपल्याला ठाऊक आहे. मी सूर्याकडे बघत होतो, पाण्याकडे नाही. त्याला बूट सापडला. त्याने तो हातात उंच धरून मला दाखवला, चिखल गळत होता. मी हात केला, ये. मग तो चालायला लागला आणि मधे पाणी होतं. मी कमरेपर्यंत गेलो. त्याच्या पुढे मला जाता आलं नाही, पाय उचलेनात. पोहता येत होतं, तरी गेलो नाही. हेही लिहितो. शेवटपर्यंत त्याचा हात वर होता. बूट त्याने सोडला नाही.

अंधार पडेपर्यंत मी बांधावर बसलो. घरी आलो तेव्हा तू ओट्यावर होतास. विचारलंस, जगन कुठाय? मी म्हटलं, तो खाडीने पुढे गेला, मी टेम्पोने आलो. ते एकदा तोंडातून गेलं, मग दुसरं काही बोलताच येईना.

आता दहाव्याचं. तू म्हणतोस माझं ध्यान नव्हतं. मी सगळ्यांच्या मागे डोळे मिटून उभा होतो. कावळा शिवत नव्हता आणि मला ठाऊक होतं का शिवत नाही. मी मनात बोललो, जगन, मावशीला सांगेन. बारावं झालं की सगळं सांगेन. डोळे उघडले तर कावळा पिंडावर होता आणि सगळे तुझ्याकडे बघत होते, कारण त्याच वेळी तू बुटांचं बोलला होतास. मला सुटल्यासारखं झालं. मी स्वतःला समजावलं की तो बुटांसाठीच आला. तेराव्या दिवशी मी पिशवी भरली.

इथे मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. जिन्यावर ते पाऊल येतं, दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, दुपारच्या पाळीनंतर. एक ओलं, एक कोरडं. दाराशी येऊन थांबतं. मी दार उघडत नाही. शेजाऱ्यांना काही ऐकू येत नाही. मला वाटायचं की माझंच डोकं फिरलंय. तुझ्या पत्रात मावशीचं वाचलं आणि कळलं की तो तिच्याकडेही जातो.

म्हणून ते बूट घेऊ नकोस. महाग म्हणून नाही. ज्याच्यासाठी तो परत गेला तेच त्याच्या नावाने ताटाशी कसं ठेवणार? आणि मी ते पायात घालून मावशीसमोर कसा चालणार?

हे पत्र मावशीला वाचून दाखव. मला तोंड नाही.

प्रदीप


पनवेल,
१३ ऑक्टोबर

प्रदीप,

पत्र सहा तारखेला मिळालं. सहा दिवस शर्टाच्या खिशात होतं. दोनदा कृष्णकांत शेठच्या दुकानासमोर जाऊन आलो. एकदा तर पैसे काढून हातात धरले होते. वाटलं, बूट घेऊन टाकावेत, कुणा परक्याच्या पायात घालावेत, आईने डोळे भरून बघावं आणि पायात चपला घालाव्यात, आणि हे पत्र चुलीत. आईचा पाय वाचेल, बाकी गेलं खड्ड्यात. शेठ म्हणाला, "शेवटचा आठ नंबर आहे, बांधू का?" मी नको म्हणालो. विचार करून नाही म्हणालो. तोंडातूनच गेलं.

काल सर्वपित्री. पान वाढलं, कावळ्याला घास ठेवला, ताटाशी बूट नव्हते. आईने विचारलं. मी दमयंतीला दार लावायला सांगितलं आणि पत्र काढलं. वाचून दाखवायचं कामही तू माझ्यावरच टाकलंस, हे विसरणार नाही. तू बांधावर जे बोललास तिथे मी थांबलो. आई म्हणाली, "वाच." शेवटपर्यंत वाचलं.

ती रडली नाही. पहिल्यांदा म्हणाली, "कोनता पाय?" मी म्हटलं, उजवा. तिने आपला बांधलेला पाय पदराखाली घेतला. मग म्हणाली, "माझ्या एका हाकेला कदी उठला नाय तो. दहा हाका माराव्या लागत. आनि याच्या एका बोलन्यावर गेला."

हे ती तीनदा बोलली. दमयंती उठून आत गेली.

मग म्हणाली, "म्हंजे बूट व्हते त्याच्या पायात." मी हो म्हटलं. "मंग त्याला बूट नको व्हते. सात वरीस मी उगीच चालले." तिने दमयंतीच्या चपला मागितल्या. मीच घातल्या तिच्या पायात. उजव्या पायाचा पट्टा बसेना, म्हणून वरून फडका बांधला.

आज डॉक्टरांकडे नेली. चपला बघून ते खूश झाले, मग त्यांनी जखम उघडली. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागणार आहे, पुढच्या बुधवारी, तेवीस तारखेला. त्याच्या वर गेलं नसेल तर पाय वाचेल. मला बाहेर बोलावून म्हणाले, वर्षभर आधी पायात काही घातलं असतं तर हे झालं नसतं.

काल दुपारी पडवीत कोणी आलं नाही, असं आई म्हणते. मला ठाऊक नाही. मी ऐकायला बसलो नव्हतो.

आता माझं ऐक. जगनला तू मारलंस असं मी म्हणणार नाही. एकोणीस वर्षांचे होतात दोघं, एकासारखे एक गाढव. माझ्या पहिल्या पगाराची वस्तू कोणी चिखलात टाकून आला असता तर मीही तेच बोललो असतो, कदाचित एक शिवी जास्त. भरतीत तू पुढे गेला असतास तर माझ्या आईला आणि तुझ्या आईला एकेक पिंड ठेवावा लागला असता. ते मी गेल्या सात दिवसांत शंभरदा मनात फिरवून बघितलं आणि त्याबद्दल माझा तुझ्यावर राग नाही. खरंच नाही.

पण तू दहाव्याला तिथे होतास. आईने चपला काढून बांधावर ठेवल्या ते तू बघितलंस. तुझ्या डोळ्यांदेखत ती तापल्या वाळूतून घरी गेली. तुला माहीत होतं की ती ज्यासाठी अनवाणी चालतेय ते खरं नाही. एक ओळ लिहायची होती. मला नाही तर काकांना, सही न करता लिहिली असतीस तरी चाललं असतं. तू सात वर्षं शाई वाचवलीस आणि मी त्याच सात वर्षांत ठाणा-दादरला बूट शोधत फिरलो, कावळा माझ्या शब्दाला आला या घमेंडीत. आईची दोन बोटं खाडीने नेलेली नाहीत, प्रदीप.

हे सगळं मी लिहितोय ते आई समोर बसून बघतेय. तिला वाचता येत नाही, पण मी लांब लिहितोय हे तिला दिसतंय. मघाशी तिने विचारलं, "येवढा काय लिवतंस? ये बोलून लिव. बुधवारच्या आत ये बोल."

म्हणून लिहितो. ये. बुधवारच्या आत ये. हे तिचं आहे. माझं मला अजून लिहिता येत नाही.

गोरख